रुमालाखालचा भाव

आमच्या घरात दिसायला चांगली आणि आतून खोटी अशी कुठलीही वस्तू निघाली की तिला 'आत्याचा हिरा' म्हणतात. बाजारातून आणलेलं वांगं आतून किडकं निघालं, आत्याचा हिरा. जावयाने मोठ्या मिजाशीत आणलेलं तट्टू लंगडायला लागलं, तोही आत्याचा हिराच. परवा नातवाच्या लग्नाची बोलणी करून सगळे जेवायला बसले होते. धाकटी सूनबाई वाढता वाढता म्हणाली, "मामंजी, अंगठी मात्र नीट पारखून घ्या हं. आत्याचा हिरा नको." सगळी पंगत हसली. ज्यांना अजून नीट दात आले नाहीत ती पोरंसुद्धा हसली. ही आत्या कोण, कुठली, तिने नेमकं काय केलं, हे त्या पंगतीत कुणालाही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण ती माझी आत्या होती. मी ताटावरून उठलो. सूनबाईला वाटलं आमटी खारट झाली. ती विचारायला मागे आली, तेव्हा मी तिला काही बोललो नाही. बोलायला लागलो असतो तर आवाज चढला असता, आणि तिचा त्यात काही दोष नव्हता. दोष ज्यांचा होता ती माणसं गेली. एक उरला आहे, तो हे लिहितो आहे.

आमचं घर कसब्यात, तांबट आळीत. त्या आळीत जन्मलेल्या माणसाला शांतता म्हणजे काय ते दुसऱ्या गावी गेल्यावर कळतं. उजाडलं की ठोके सुरू. कुठे घंगाळाचा जाड, संथ ठोका, कुठे तांब्याच्या गळ्यावरचा बारीक, घाईचा. आम्ही पोरं डोळे मिटून सांगायचो की कुणाच्या घरी काय घडवलं जातंय. घरात कोळशाचा आणि चिंचेचा वास कायम. चिंच भांडी उजळायला लागायची, आणि आत्या त्यातलीच मूठभर बाजूला काढून, गूळ घालून, अशी चटणी करायची की भाकरी संपली तरी बोटं चाटत बसावं. आत्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आली ती आमच्याच घरची झाली. आबा तिला अक्का म्हणत. घरातलं प्रत्येक भांडं गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तिच्यासमोर यायचं. ती ते उचलून, टेकवून न ठेवता, बोटाच्या पेराने बुडावर वाजवायची आणि कान द्यायची. आवाज लांबत गेला तर मान हलवायची. मध्येच तुटला तर भांडं परत भट्टीकडे. आबा चिडायचे. "अक्का, अगं दिसतंय की चांगलं." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "दिसायला कल्हई असते. भांडं बुडाला असतं."

माझी धाकटी बहीण गोदी. त्या काळच्या रीतीप्रमाणे सागरगोटे खेळायच्या वयातच तिचं लग्न ठरलं. स्थळ आमच्याच जातीचं, पण रविवार पेठेतलं. सासरे तात्याबा हे सरदारांच्या मुदपाकखान्यांना हंडे-पातेली पुरवून वर आलेले. वर आलेला माणूस जिना ज्या घरातून चढला ते घर आधी विसरतो, तसं त्यांचं झालं होतं. सरदार बोटात हिरा घालतात, म्हणून आमच्या मुलाच्या बोटातही साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी हवी, असं त्यांनी सुपारी फुटतानाच सांगितलं. आमच्या जातीत तोवर कुणी जावयाला हिरा दिला नव्हता. आबांनी त्या बैठकीत, चारचौघांत, नको तितकी छाती काढून शब्द दिला, "पाचशेची अंगठी घालीन." पाचशे म्हणजे आमच्या घराची किती महिन्यांची मेहनत, हे आबांना माहीत होतं. पण बैठकीत माणसाला घराचा हिशेब आठवत नाही.

घरी आल्यावर आत्याने ते ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "शब्द गेला तो गेला. पण खडा बघायला मी येणार." बायका सहसा पेढीवर जात नसत. आबांनी आढेवेढे घेतले, पण त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नव्हता आणि तिच्यावर होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. तिला कुणी तिच्या हट्टाखातर नेलं नाही. गरज म्हणून नेलं.

बुधवार पेठेतल्या पेढीवर जव्हेऱ्याने पांढऱ्या गादीवर दोन अंगठ्या मांडल्या. एकीतला खडा हरभऱ्याएवढा. सगळीकडून सोन्यात बसवलेला, मागची बाजू बंद, आणि चमक अशी की समोरच्याचे डोळे दिपावेत. दुसरीतला खडा बाजरीच्या दाण्याहून थोडा मोठा, मागून मोकळा, अंगठीही साधी. आबा मोठीकडे बघत राहिले. मीही. आत्याने दोन्ही उचलल्या आणि पेढीच्या आत, जिथे उजेड पोचत नव्हता अशा कोपऱ्यात नेल्या. तिथून बोलावलं, "ये इकडे. बघ." सावलीत मोठा खडा विझल्यासारखा झाला होता. लहान खडा तिथेही कुठूनतरी उजेड शोधून काढत होता. मग तिने दोन्हींवर तोंडाची वाफ सोडली, वाफ दोन्हींवरून चटकन उडाली, आणि ती म्हणाली, "दोन्ही खरे हिरे आहेत. शेटजी, या मोठ्याच्या खाली काय आहे?"

जव्हेरी हसला. "डांक आहे, बाई. चांदीचा पातळ पत्रा. खड्याला उठाव यावा म्हणून लावतात. सगळेच लावतात."

"उघडून दाखवाल?"

"उघडला की मोडला. मग तो तुम्हालाच घ्यावा लागेल."

"मग कल्हईच की," आत्या म्हणाली.

जव्हेऱ्याने तिच्याकडे नीट पाहिलं. तो काही लबाड माणूस नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे, कारण पुढे त्याच्या नावानेही लोक बोलले. तो आबांना म्हणाला, "तांबटदादा, लोकांच्या डोळ्यांसाठी घ्यायचा तर मोठा न्या. घरात ठेवायला घ्यायचा तर लहान. हा असा बिनडागी खडा या पैशात रोज येत नाही." आबांनी लहान निवडला. आबांनी. आत्याने नाही.

आता भावाचं. जव्हेरी बाजारात भाव तोंडाने होत नाही. घेणारा आणि देणारा हातावर रुमाल टाकतात, आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून किंमत सांगतात. जितकी बोटं धरली तितके शेकडे. वर हवापाण्याच्या गप्पा चालू असतात, शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. आणि रुमालाखाली ठरलेला भाव बाहेर बोलायचा नाही, अशी त्या बाजाराची आण. आबांच्या उजव्या हाताची दोन बोटं घणाखाली चेचून कायमची मिटली होती. त्या हाताने भाव करायचा तर समोरच्याने काय समजायचं? म्हणून रुमालाखाली हात माझा गेला. मला तेव्हा नुकती मिसरूड फुटली होती. जव्हेऱ्याचा हात मऊ आणि गार होता. त्याने माझा अख्खा पंजा धरला. मी आत्याने वाटेत शिकवल्याप्रमाणे त्याची दोनच बोटं धरली. तो आबांना म्हणत होता, "यंदा आंबा लवकर आला," आणि खाली माझी चार बोटं दाबत होता. मी दोनावरच अडून राहिलो. शेवटी त्याने माझी तीन बोटं धरली आणि हात हलवला, म्हणजे सौदा झाला. मी मान डोलावली. आयुष्यात इतकं मोठं झाल्यासारखं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

बाहेर आल्यावर मी दोघांनाही भाव सांगितला. आबांनी तिथल्या तिथे बत्तासे घेतले. चालता चालता आत्या म्हणाली, "दोनशे वाचले. त्यात गोदीला पाटल्या कर. अंगठी त्यांच्या घरात जाईल. पाटल्या पोरीच्या हातात राहतील. उद्या वेळ आली तर तिचं म्हणून काहीतरी असेल." आबा म्हणाले, "लाख बोललीस, अक्का." हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. पाटल्या झाल्या. गोदीला त्या सैल होत होत्या म्हणून आईने आतून दोरा गुंडाळून दिला, आणि पोरगी त्या घालून दिवसभर आळीतून मिरवत होती.

साखरपुडा आमच्या घरी झाला. अळूचं फदफदं, कटाची आमटी, पुरणाच्या पोळ्या, आणि आळीतले ठोके त्या दिवसापुरते बंद. साखर वाटून झाली, अंगठी मुलाच्या बोटात गेली. विहीणबाईंनी मुलाचा हात धरून उजेडाकडे फिरवला, पुन्हा फिरवला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "हा खडा आहे की दवाचा थेंब? ऊन वर येईपर्यंत टिकेल ना?"

त्यांच्याकडच्या बायका हसल्या. तात्याबांनी अंगठी काढून घेतली, तळहातावर ठेवली, आणि आबांना म्हणाले, "व्याही, तुमचा शब्द पाचशेचा होता. पाचशेत एवढंच येत असेल तर आम्हीही तांबं सोडून हिरे विकावेत म्हणतो."

आबांनी फक्त एवढंच सांगायचं होतं: खडा तीनशेचा आहे, चोख आहे, कुठल्याही पारख्याला दाखवा, आणि उरलेले दोनशे माझ्या मुलीच्या हातात आहेत, ते बघा. एका दमात सांगण्यासारखी गोष्ट होती. आबा गप्प बसले. जातीतली चार वडीलधारी माणसं समोर होती आणि त्यांच्यासमोर पाचशेचा शब्द तीनशेवर आला हे कबूल करायचं होतं. चांगला माल रास्त भावात घेणं यात लाज ती कसली? हीच माणसं भांड्याच्या खरेदीत कवडीसाठी तासभर हुज्जत घालत. जिंकली की घरी जाऊन फुशारकी मारत. पण लग्नात उलटं. तिथे जो जास्त फसतो तो खानदानी. मी इतकी लग्नं पाहिली, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही, आणि त्याचा राग अजून कमी झालेला नाही.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "खडा बघायला कोण गेलं होतं?"

आबा खाली बघत म्हणाले, "अक्का आली होती."

"मग झालं तर," विहीणबाई म्हणाल्या. "खड्यात जे वजन नाही ते कुणाच्या कनवटीला आहे ते घरातच शोधा."

आबा तरीही बोलले नाहीत असं नाही. बोलले. म्हणाले, "बायकांवर सोपवलं. चूक आमचीच."

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात आमटीची ओगराळी. तिने आबांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. तात्याबांनाही तेवढ्यात सुचलं. "रुमालाखाली हात या पोराचा होता म्हणतात. काय रे, किती झाले? सांग म्हणजे मिटलं."

"सांग, रघू," आत्या म्हणाली. "तुझाच हात होता."

आबांचा तो मिटलेल्या बोटांचा हात मांडीवर होता. तो किंचित हलला. एवढंच. मी म्हणालो, "रुमालाखालचं बाहेर सांगायचं नसतं."

तात्याबांनी मान डोलावली. "वा. पोरगं व्यवहाराला पक्कं आहे." शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर थाप दिली. जव्हेरी बाजाराची आण पाळली म्हणून माझं त्या दिवशी कौतुक झालं. माझ्या त्या उत्तराने भर सभेत ठरलं की सांगण्यासारखं नसलेलं काहीतरी आहे, आणि ते आत्याकडे आहे. आत्या आत गेली, आमटी घेऊन बाहेर आली, आणि तिने पंगत वाढली. विहीणबाईंना दुसऱ्यांदा विचारलं. कुणाच्याही पानात एक थेंब कमी पडला नाही. ते जेवण त्या लोकांना कसं गेलं देव जाणे. मला गेलं, हे सांगताना आज लाज वाटते.

पुढचं लवकर झालं. विहीणबाई स्वतः पेढीवर जाऊन तो हरभऱ्याएवढा खडा पसंत करून आल्या. लहान खडा परत गेला. फरक भरायला गोदीच्या पाटल्या निघाल्या. आईने दोरा उलगडला तेव्हा गोदी रडली नाही, फक्त विचारलं, "दोरा ठेवू का?" लहान खडा जव्हेऱ्याने पुढे एका सरदाराच्या कारभाऱ्याला विकला. मला तो एकदा रस्त्यात भेटला तेव्हा आपणहून म्हणाला, "तुमच्या आत्याबाईंचा खडा पाचशेला गेला." ते मी घरी सांगितलं. आबा म्हणाले, "आता उगाच उकरू नकोस." आणि मी उकरलं नाही.

आत्याने घर सोडलं नाही. जाणार कुठे? पूर्वीसारखीच चिंच भिजवायची, चटणी करायची, आमची दुखणी-खुपणी काढायची. पण तिने भांडी वाजवणं बंद केलं. आबा घडवलेलं भांडं सवयीने तिच्यासमोर आणून ठेवायचे, आणि ती म्हणायची, "दिसतंय की चांगलं." बस्स. तिने कुणाला घालूनपाडून बोलल्याचं मला आठवत नाही. तेवढं एकच वाक्य, आबांचंच, ती त्यांना परत करत राहिली. आबा भांडं उचलून न्यायचे. एक घंगाळ बुडाला चीर राहून गेलं आणि गिऱ्हाइकाने दारात आणून आपटलं, तेव्हाही ती तांदूळ निवडत बसली होती.

मग धामधुमीचं वर्ष आलं. फौजा येणार म्हणून शहर रिकामं होऊ लागलं. पेठांतली माणसं हाताला लागेल ते घेऊन वाट फुटेल तिकडे निघाली. गोदीचा नवरा कामावर बाहेरगावी अडकला होता. जाताना त्याने ती अंगठी गोदीकडे दिली होती, अडीअडचणीला मोडायला म्हणून. तिच्या सासऱ्यांनी घरातल्या गाड्यांत हंडे भरले. जावांनी पाटल्या देऊन भाड्याच्या गाड्यांत जागा मिळवली. गोदी कडेवर पोर घेऊन पायी हडपसरपर्यंत गेली आणि तिथे एका गाडीवानाला तिने अंगठी पुढे केली. वर्षानुवर्षं हात धुताना आत पाणी शिरून डांक काळा पडला होता. खडा चिखलाच्या ठिपक्यासारखा दिसत होता. गाडीवान म्हणाला, "बाई, ही काच हाय. दुसरं काय असंल तर बघा." दुसरं काही नव्हतं. ती तशीच उलटी फिरून, रस्त्याच्या कडेकडेने, आमच्या दारात आली. आम्ही निघायच्या तयारीत होतो. तिचे पाय बघून आईने तोंडाला पदर लावला.

आबांनी अंगठी हातात घेतली, कानशीच्या टोकाने मागचा पत्रा उचकटला. आत काजळी. खडा बाहेर पडला तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, पिवळट. हिरा खराच होता, पण काचेशेजारी ठेवला असता तर काच उजवी ठरली असती. आत्या गोदीच्या पायांवर कोमट पाणी घालत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कल्हई उडाली का?"

आबांनी उत्तर दिलं नाही. मीही नाही. बोलायची याहून मोकळी वेळ आयुष्यात पुन्हा आली नसती.

आणि आता सांगतो मला संताप कशाचा येतो. शहर पुन्हा भरलं, माणसं परतली, आणि विहीणबाईंनी रविवार पेठेपासून कसब्यापर्यंत सांगितलं की हिरा काळा पडला, खोटा निघाला, मुलाकडच्यांना आत्याने फसवलं. काळा पडलेला हिरा त्यांनी निवडलेला. आत्याने निवडलेला कारभाऱ्याच्या बोटात लखलखत होता. पण नाव चिकटलं ते तिला. आमच्या घरात आबांच्या देखत लोक तो शब्द वापरू लागले आणि आबा ऐकून घेत. पुढे आबाही वापरू लागले. आत्या गेली. आबा गेले. त्यानंतर मला अडवणारं कुणी नव्हतं. रुमालाची आणही नव्हती, कारण जव्हेरीही गेला होता. तरी मी पंगतीत तो शब्द ऐकत राहिलो आणि भात कालवत राहिलो. बाकीच्यांवर रागवायचा मला हक्क किती, हे वाचणाऱ्याने ठरवावं. मी रागवणं सोडणार नाही.

आज सकाळी नातवाची अंगठी बघायला निघण्याआधी मी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. धाकट्या सूनबाईला समोर बसवलं, माझा हात पुढे केला, उघडा, रुमाल न घालता, आणि तीन बोटं वर धरली. ती गोंधळली. ती खूण आता आमच्या घरात कुणाला कळत नाही. म्हणून तोंडाने सांगितलं. "तीनशे. खडा तीनशेचा होता. चोख होता. दोनशेच्या पाटल्या गोदीच्या होत्या. आत्याने एक कवडी घेतली नाही. रुमालाखाली हात माझा होता."

आळीत कुठेतरी घंगाळावर जाड, संथ ठोका पडत होता. सूनबाई बराच वेळ पदराचं टोक चाळवत राहिली. मग तिने विचारलं, "मामंजी, त्यांचं नाव काय होतं?"

मला क्षणभर आठवावं लागलं.

"भागीरथी," मी म्हणालो.